खुंटी, कडी आणि बोल्ट

दाभोळ बंदराचा इतिहास पुस्तकांत सापडतो. बहमनी आणि आदिलशाही काळात इथून अरबस्तानाशी व्यापार चालायचा. अफनासी निकितिन नावाचा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात हिंदुस्थानातून परत निघाला, तो दाभोळलाच जहाजात चढला. १५०८ सालच्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या आल्मेदानं हे बंदर जाळलं. हे सगळं शहाण्या माणसांनी लिहून ठेवलेलं आहे. पण त्या बंदरापासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत आत शिरलेली वाशिष्ठीची जी खाडी आहे, तिच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या ज्या लहान होड्या चालल्या, त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी तर होडीपेक्षाही बारीक गोष्टीबद्दल लिहिणार आहे. होडीला जडवलेल्या खुंट्या, कड्या, आकडे, पट्ट्या, बोल्ट यांच्याबद्दल. या वस्तू मुठीत मावण्याएवढ्या असतात. पण जोराचा ताण आला की होडी आणि माणूस या दोघांचा भार त्यांच्यावरच येतो.

मी शेतकरी. मासेमारी हा आमच्या घरचा धंदा नाही. तो खारवी, भोई आणि दालदी मंडळींचा. पण खाडीपट्ट्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला होडी सुटत नाही. पलीकडच्या काठाला खारजमीन असेल तर भाताचे भारे, गवत, शेणखत, सगळं होडीतूनच न्यावं लागे. आमची आणि शेजारच्या भोईवाडीतल्या घराची मिळून एक होडी असायची. पावसाळ्यात ती आमच्या कामाला, बाकीचे दिवस त्यांच्या मासेमारीला. त्यामुळे तिच्या दुरुस्तीचा खर्चही दोघांत आणि दुरुस्तीला हातही दोन्ही घरचे. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण हे दुसरं शिक्षण लहानपणापासून आत्तापर्यंत चाललेलं आहे.

आधी खाडी समजून घेतली पाहिजे. आमच्या भागात पाणी उथळ. ओहोटीला दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो आणि मधे एक नळी राहते. कोयनेच्या वीजघरांतलं अवजल वाशिष्ठीला सोडतात, म्हणून उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी येतच राहतं. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक कमी, पण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं आणि तितक्याच जोरात उतरतं. अशा जागी खोल बुडणारी होडी उपयोगाची नाही. बूड सपाट, काठ कमी उंचीचे आणि वजन इतकंच की चार माणसांनी चिखलावरून ओढून नेता यावी. होडी हलकी ठेवायची म्हणजे तिच्या फळ्या पातळ. आणि पातळ फळीला काहीही जडवायचं म्हणजे प्रश्न आलाच. ताण पडला की ती वस्तू फळीसकट उपटून येते. माझ्या या सगळ्या लिहिण्याचं मूळ इथं आहे.

माझ्या लहानपणी होडीवर लोखंड फार थोडं होतं. पुढचं टोक म्हणजे नाळ, तळाचं आडवं मुख्य लाकूड ते पठाण, आणि आतल्या फासळ्या त्या वांक. नाळेजवळ थोडासा भाग फळ्यांनी झाकलेला असे. मोठ्या गलबतावर अशा झाकलेल्या जागेला तुतक म्हणत. आमच्या होडीवर ते एका माणसाला बसता येईल एवढंच, पण म्हातारी माणसं त्यालाही मोठ्या ऐटीत तुतकच म्हणायची. त्या तुतकातून एक लाकडी खुंटा वर आलेला असायचा. होडी बांधायची ती त्यालाच. तो वरून बघितला तर फळीत ठोकल्यासारखा दिसे, पण प्रत्यक्षात तो फळीतून आरपार खाली जाऊन पठाणाच्या खाचेत बसवलेला असे. म्हणजे दोर ताणला तरी ताण फळीला लागत नसे, होडीच्या कण्याला लागे. फळीचं काम फक्त खुंट्याला सरळ उभा धरायचं.

दुसरी वस्तू म्हणजे वल्ह्याची खुंटी. आमच्याकडे वल्ह्याला आवलं म्हणतात. काठावर भोक पाडून त्यात अंगठ्याहून जरा जाड अशी खुंटी उभी करायची आणि सुंभाच्या वेढ्यानं आवलं तिला अडकवायचं. खुंटी कोरडी असताना हातानं बसते. भिजली की फुगते आणि घट्ट होते. ही खुंटी आमचे गावचे सुतार करून द्यायचे. त्यांना आम्ही सुतारमामा म्हणत असू. नांगर, जू, शिवळा, दारं आणि होडीच्या खुंट्या, सगळ्याचं मिळून त्यांना सुगीला भात द्यायचं. मी एकदा त्यांना विचारलं होतं की मामा, खैराची खुंटी का करत नाही, खैर तर दगडासारखा असतो. ते म्हणाले, “म्हणून तर नाय करत. खैर मोडायचा नाय, काठ फाडील. खुंटी मोडली तर मी दुसरी देईन. काठ फाटला तर होडी कोण देईल तुला?” ते खाडीकाठच्या भेंडीचं लाकूड घ्यायचे. भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचं झाड असतं ते. चिवट, पण वेळ आली की मोडणारं. होडीत दोन खुंट्या जादा ठेवलेल्या असायच्याच.

हा नियम शेतकऱ्याला नवा नाही. बैल अडला तर शिवळ मोडावी, बैलाची मान मोडू नये. आजच्या रोटाव्हेटरच्या दांड्याला एक बोल्ट मुद्दाम कमजोर दिलेला असतो. पात्यात दगड आला की तो तुटतो आणि गिअर वाचतो. तुटायचं ते कुठं तुटावं, हे आधी ठरवून ठेवायचं. सुतारमामा शाळेत गेले नव्हते, पण त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

लोखंड न वापरण्याची रीत फक्त गरिबीतून आली असं मात्र समजू नये. अरबी समुद्रात शेकडो वर्षं काथ्यानं शिवलेली जहाजं चालली. मार्को पोलो तेराव्या शतकात होर्मुझला आला, तेव्हा तिथली जहाजं खिळ्यांऐवजी नारळाच्या काथ्यानं शिवलेली पाहून त्यानं त्यांना वाईट ठरवलं. त्याच्या नजरेनं ते बरोबर असेल. पण शिवलेली होडी लाटेवर आणि वाळूवर आदळली तर थोडी लवते, फुटत नाही. शिवण जीर्ण झाली तर उसवून पुन्हा शिवता येते. रापणीच्या शिवलेल्या होड्या दक्षिण कोकणात आणि गोव्यात अगदी अलीकडेपर्यंत होत्या.

आमच्या खाडीत लोखंड दोन वाटांनी आलं. एक वाट गावच्या लोहाराची. जुन्या गाडीच्या स्प्रिंगपट्टीतून तो कडी, आकडा, नाळेची पट्टी घडवून द्यायचा. दुसरी वाट मुंबईची. आमच्याकडची कितीतरी माणसं गोदीत कामाला होती. गणपतीला गावी येताना चाकरमान्याच्या ट्रंकेत पोरांना खाऊ असायचा आणि तळाला जुन्या कापडात गुंडाळलेला एखादा शेकल, पितळी कडी किंवा चार मोठे बोल्ट. दारूखान्यात जहाजं मोडून निघालेला माल मिळायचा, तिथून हे यायचं. समुद्रात फिरलेल्या मोठ्या बोटीची कडी आपल्या होडीला लागली, याचा त्या घराला अभिमान असायचा.

लोखंडी कडी दिसायला भक्कम, पण ती आली आणि खुंट्याची जुनी रीत मोडली. पठाणापर्यंत खुंटा उतरवायचा म्हणजे सुताराचे दोन दिवस. कडी बसवायची म्हणजे नाळेजवळच्या फळीत चार खिळे, अर्ध्या तासाचं काम. कडी मजबूत झाली आणि तिच्याखालचं लाकूड होतं तिथंच राहिलं. त्यात खारं पाणी. खिळ्याभोवती ओल राहिली की लोखंड गंजतं, आणि त्या गंजानं भोवतीचं लाकूडही काळं पडून मऊ होतं. बाहेरून रंग लावलेला असतो, आत खिळ्याभोवती नुसता भुसा. काही जणांनी गोदीतून आलेले तांब्याचे खिळे आणि गावचं लोखंड एकाच फळीत वापरलं. त्याचा परिणाम आणखी वाईट. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि त्यातला हलका धातू झिजत जातो. तांबं आणि लोखंड एकत्र आलं की लोखंड संपतं. जस्ताचं पाणी दिलेला खिळा टिकतो, कारण जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण जस्ताचा थर संपला की मग लोखंडाची पाळी.

त्याच सुमारास दोर बदलला. आधी सुंभाचा दोर असायचा. तो कुजायचा, भिजून जड व्हायचा, पण फार ताण आला तर करकर वाजून तुटायचा. माणसाला आवाजानं कळायचं. मग नायलॉन आलं. नायलॉनचा दोर रबरासारखा लांबतो आणि ताण आपल्या अंगात साठवून ठेवतो. तो स्वतः लवकर तुटत नाही. मग जिथं तो बांधलेला आहे ती वस्तू उपटते, आणि साठवलेल्या ताणानं गोफणीतल्या दगडासारखी सुटते. खुंटी मोडावी हा सुतारमामांचा नियम होता, दोर तुटावा हा सुंभाचा. आता दोन्ही गेले होते आणि सगळ्यात कच्ची वस्तू राहिली ती होडीची फळी.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं. खळ्यात झोडलेलं भात आणि शेतात कापून ठेवलेलं भात, दोन्ही भिजलं. ते झाकायच्या धांदलीत होडीकडे लक्ष गेलं तेव्हा वारा सुटलेला होता. माझे थोरले चुलत भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते आणि भोईवाडीतले तात्या होडी वर ओढून घ्यायला गेले. नायलॉनचा दोर काठावरच्या माडाला आणि नाळेजवळच्या लोखंडी कडीला बांधलेला होता. होडी पाण्यात हिसके देत होती. अण्णांनी दोराला हात घातला आणि त्याच वेळी कडी उपटली. ती अण्णांच्या उजव्या हाताला कोपराच्या खाली बसली. हाताची दोन्ही हाडं मोडली. डोक्याच्या उंचीनं आली असती तर पुढचं लिहायला नको. अण्णांचा हात जुळून आला, पण त्या उन्हाळ्यात त्यांना कुदळ धरता आली नाही आणि आवलं मारणं तर कायमचं सुटलं.

दोन दिवसांनी ती कडी आम्हाला माडाच्या मुळाशी सापडली. मी ती निरखून बघितली. कडीला काही झालेलं नव्हतं. तिचे चारही खिळे तिला तसेच लटकलेले होते, फक्त बारीक होऊन सुईसारखे झालेले. होडीच्या फळीत जिथं खिळे होते तिथं चार काळी भोकं, आणि बोट घातलं तर ओला भुसा हाताला यायचा. दोर धड, कडी धड, मधलं लाकूड गेलेलं. लोक वादळाला दोष देत होते. वादळ होतंच, पण त्या फळीचं कुजणं पाच-सात वर्षं चालू असणार. रंगाखाली असल्यानं ते दिसलं नाही.

तात्यांच्या घरानं त्यानंतर लाकडी होडी सोडली आणि फायबरची घेतली. खाडीत सगळीकडेच तसं झालं होतं. आंब्याचं जाड खोड मिळेना, मिळालं तर परवडेना आणि सुतारमामांच्या मागं त्यांच्या मुलांनी इमारतीचं काम धरलं. फायबरला कीड नाही, वाळवी नाही, दरवर्षी काजूच्या टरफलाचं तेल चोपडायला नको. मागं लहान मशीन लावता येतं. लोक खूश होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. दोन तास आवलं मारून जायचं तिथं मशीनवर पाव तासात जाता येऊ लागलं. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर या पाव तासाची किंमत काय ते खाडीपलीकडच्या माणसाला विचारावं.

पण फायबरचं एक आहे. ते ताणाला चिवट असलं तरी स्क्रूला धरत नाही. लाकडात स्क्रू आटे पाडून बसतो. फायबरच्या पातळ कवचात तो दोन-तीन आट्यांवर लटकत असतो. म्हणून कारखान्यात जिथं काही जडवायचं असेल तिथं दोन कवचांच्या मधे प्लायवूड घालतात. स्क्रू त्या प्लायवूडला धरतो. आता स्क्रूच्या भोकातून पाण्याचा थेंब आत गेला की बाहेर यायला वाट नाही. प्लायवूड आतल्या आत कुजतं. म्हणजे आमच्या काळ्या पडलेल्या फळीचंच दुखणं, पण आता चकचकीत कवचाच्या आत, जिथं बोट घालूनही बघता येत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. होडी वाचली, पण नाळेजवळची कडी हलायला लागली. टाळेबंदीमुळे माझा पुतण्या मुंबईहून गावीच होता. तो एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे आणि हाताचा चांगला आहे. तात्यांच्या मुलानं होडी आमच्या खळ्यात आणून उलटी घातली आणि दुरुस्तीला सुरुवात झाली. ते काम मी सविस्तर सांगतो, कारण ज्याच्याकडे अशी होडी आहे त्याच्या ते उपयोगी पडेल.

पहिलं काम ठोकून बघण्याचं. रुपयाच्या नाण्यानं तुतकावर टकटक करत गेलं की धड जागी टणक आवाज येतो आणि आतलं लाकूड कुजलेलं असेल तिथं बद्द आवाज येतो. फणस पिकलाय की नाही ते आपण ठोकून ओळखतो, तसंच. बद्द वाजलेल्या जागेभोवती खडूनं रेघ मारली. कडीभोवती वीतभर जागा खराब निघाली.

कडी काढली. स्क्रू स्टीलचे होते. डोकी चकचकीत, पण आतला भाग खड्डे पडून कुरतडलेला. पुतण्यानं त्याचं कारण सांगितलं. स्टेनलेस स्टील गंजत नाही, ते हवेतल्या प्राणवायूमुळे त्याच्या अंगावर एक पातळ साय धरते म्हणून. जिथं हवा नाही आणि खारी ओल कायम आहे, तिथं ती साय टिकत नाही आणि स्टीलही खाल्लं जातं. आणि स्टील स्टीलमध्येही फरक. घरातल्या भांड्यांसाठी चालतं ते ३०४ नंबरचं. खाऱ्या पाण्याला ३१६ नंबरचं हवं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू मिसळलेला असतो. बाजारात लोक चुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही की खूश होतात. पण या दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेनं फरक कळत नाही. विश्वासाच्या दुकानातून मागून घ्यावं.

मग आतून कवच कापून ओला प्लायवूड खरवडून काढला. जागा चार दिवस उन्हात वाळू दिली. घाई करून ओल्यावर रेझिन ओतलं तर ते धरत नाही. मेमधलं ऊन होतं म्हणून बरं. नंतर नवा प्लायवूडचा तुकडा रेझिनमध्ये माखून बसवला आणि वर काचेच्या मॅटचे थर दिले. बोल्टची भोकं पाडताना एक युक्ती केली. आधी मोठं भोक पाडलं, ते इपॉक्सीनं पूर्ण भरलं आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं लहान भोक पाडलं. त्यामुळे बोल्ट आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सीची नळी तयार झाली. पुढेमागे पाणी शिरलं तरी ते लाकडापर्यंत पोचणार नाही.

आता काय बसवायचं यावर बोलणं झालं. तात्यांच्या मुलाला पहिल्यापेक्षा जाड कडी हवी होती. मी त्याला अण्णांचा हात आठवायला सांगितला. कडी कधीच तुटली नव्हती, तर ती जाड करून उपयोग काय? पुतण्यानं कडीच्या जागी दोन शिंगांची खुंटी घ्यायला सांगितली. दुकानदार तिला क्लीट म्हणतात. तिचं कारण मला पटलं. कडीला दोर गाठीनं बांधावा लागतो आणि दोर ताणलेला असेल तर गाठ सुटत नाही, कापावाच लागतो. शिंगांवर दोराचे वेढे घातलेले असतात. कितीही ताण असला तरी एकेक वेढा काढत दोर हळूहळू सोडता येतो. गाय खुंट्याला बांधताना आपण सोडगाठ मारतो ती याचसाठी.

ती खुंटी स्क्रूनं नाही, ८ मिलिमीटरच्या चार आरपार बोल्टांनी बसवली. खाली नुसते वॉशर लावले तर ताण चार टिकल्यांवर येतो. म्हणून जुन्या मोडीत काढलेल्या फायबर होडीचा जाड तुकडा वीतभर लांब कापून आतल्या बाजूनं लावला आणि त्याच्याखाली मोठे वॉशर आणि नट. ताण पसरला. पुतण्याला हे शिकवताना त्याच्या वर्कशॉपमधल्या कुणी काय म्हटलं असेल ते असो, मला त्यात पठाणापर्यंत उतरवलेला सुतारमामांचा खुंटाच दिसला. एका जागेचा ताण पुष्कळ जागेला वाटून द्यायचा. सांध्याला सिलिकॉन न लावता पॉलियुरेथेनचं सील लावलं, कारण सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही चिकटत नाही. स्टीलच्या नट-बोल्टांना ग्रीस लावलं. तसं केलं नाही तर स्टीलचे आटे एकमेकांत घट्ट अडकतात आणि मग करवतीशिवाय सुटत नाहीत. नट आवळताना जोर बेताचा, नाहीतर फायबर चिरडतं.

शेवटी दोर. इथं सुतारमामांचा नियम आम्ही परत आणला. खुंटी आणि तिच्याखालचं काम आता दोराहून भक्कम झालं होतं, तेव्हा तुटायचं ते दोरानं. म्हणून दोर मुद्दाम फार जाड घेतला नाही आणि दरवर्षी तो बदलायचा ठरवलं. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हेही पोरांना बजावून सांगितलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेतून, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आमच्या वाडीतून पुतण्या, तात्यांचा मुलगा आणि आणखी एक जण होडी टेम्पोत घालून, वाट सापडेल तिथून गेले आणि जिथं पाणी लागलं तिथं होडी उतरवली. अशा गावोगावच्या होड्या त्या दिवशी आल्या होत्या. एका गल्लीत पाण्याला ओढ फार होती. त्यांनी दोर एका गॅलरीच्या गजाला अडकवून होडी धरून ठेवली आणि वरची माणसं उतरवायला सुरुवात केली. एक आजीबाई, दोन बायका आणि तीन लहान पोरं. शेवटचं पोर उतरत होतं तेव्हा वरच्या अंगानं एक मोठा ओंडका वाहत येताना तात्यांच्या मुलाला दिसला. पोर होडीत येताच त्यानं शिंगांवरचे दोन वेढे काढून दोर सैल सोडला, होडी हातभर मागं सरकून भिंतीच्या आडोशाला गेली आणि ओंडका गॅलरीच्या कोपऱ्यावर आपटून पुढं गेला. गाठ मारलेली असती तर होडी तिथंच अडकून राहिली असती.

खुंटीनं माणसं वाचवली असं मी म्हणणार नाही. माणसं वाचवली ती त्या तीन पोरांनी. पण मे महिन्यात खळ्यात बसून घासलेलं ते काम जुलैत दगा न देता उभं राहिलं, एवढं खरं.

आज आमच्या भागात होडीचं काम करणारा सुतार उरलेला नाही. लोहाराच्या भात्याच्या जागी वेल्डिंगचं दुकान आहे. तरुण पोरं मोबाईलवर बघून दुरुस्ती शिकतात, आणि ती वाईट शिकत नाहीत. वस्तू पहिल्यापेक्षा चांगल्या मिळतात, हे मान्य करायला हवं. लाकडी खुंटीच्या काळात परत जावं असं मला वाटत नाही. आवलं मारून खांदे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त तेव्हा वस्तू करणारा माणूस समोर होता आणि ती कुठं मोडेल हे तो आपण होऊन सांगायचा. आता ते कुणी सांगत नाही, आपल्यालाच शोधून काढावं लागतं.

म्हणून आमच्या दोन्ही घरांत एक रीत पडली आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी होडी उलटी घालायची. नाण्यानं सगळं तुतक ठोकायचं, मागं मशीन बसतं ती फळीही ठोकायची, कारण तिच्यावर ताण सगळ्यात जास्त. चारातला एक बोल्ट काढून त्याचं अंग बघायचं. तो स्वच्छ असेल तर बाकीचे बहुतेक स्वच्छ. तो कुरतडलेला निघाला तर चारही बदलायचे. दोर नवा घालायचा. जुना दोर फेकायचा नाही, गुरांना आणि भाऱ्यांना होतो. मग नारळ द्यायचा. यंदा नाण्यानं ठोकायचं काम तात्यांच्या नातीनं केलं. मागच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यात तिला बद्द आवाज लागला. आम्ही म्हातारे तीच जागा धड म्हणून पुढं गेलो होतो. उघडून बघितलं तर तिचंच बरोबर निघालं.